तीनदा म्हणायची ओळ

जाम-समुद्रपूरकडच्या गावांत पूजा सांगायला येणारे महाराज दोन गोष्टींना टरकून असत. एक पावसाळ्यातला चिखल आणि दुसरी धुरपताबाई. चिखलातून माणूस वहाणा हातात घेऊन तरी निघतो, धुरपताबाईतून सुटका नव्हती. सत्यनारायण असो की कोणाची वास्तुशांती, यजमानाच्या तळहातावर संकल्पाचं पाणी पडायचा अवकाश, बायांच्या घोळक्यातून आवाज यायचाच, "थांबा महाराज. आता काय मागून राह्यले तुमी, ते अगोदर आमच्या बोलीत सांगा. मंग सोडा पाणी."

महाराज तरुण असला तर गडबडायचा, म्हातारा असला तर चिडायचा. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, मंत्राला अर्थ विचारू नये, पाप लागतं." त्यावर ही शांतपणे म्हणाली, "न इचारता जे लागलं ते माह्यापाशी हाये. आता इचारून काय लागते ते पाहू."

कोणी तिला वाह्यात म्हणे, कोणी नास्तिक. लोकांचं काय घेऊन बसलात! लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. देवीची तसबीर तिच्या घरात शेवटपर्यंत होती आणि तिच्यापुढचा दिवा एक दिवस चुकला नाही. भरवसा उडाला होता तो देवीवरचा नव्हेच. कोणावरचा उडाला आणि कसा, ते एकोणीसशे चोपन्नच्या नवरात्रात घडलं.

धुरपतेचा नवरा आनंदराव. जामच्या चौरस्त्यावर, नागपूरची मोटार थांबते तिथं त्याचं किराण्याचं दुकान. माणूस गोड बोलणारा. लहानपणी वर्ध्याच्या एका पाठशाळेत फुकट जेवणाच्या आशेनं दोन वर्षं काढलेली, त्यामुळे चार विभक्त्या आणि दहा-वीस स्तोत्रं पदरात पडली होती. तेवढ्या भांडवलावर तो गावात शास्त्री म्हणून मिरवायचा. गूळ तोलता तोलता 'रामः रामौ रामाः' म्हणून दाखवायचा आणि गिऱ्हाईक गुळाच्या खड्याकडे बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. खोटं कशाला सांगा, धुरपताही बघायची. आपला नवरा देवाच्या भाषेत बोलतो याचा तिला भारी अभिमान. ती स्वतः चौथी शिकलेली, अक्षर ओळखणारी, पण संस्कृत म्हणजे आपल्या आवाक्यातली गोष्ट नव्हे असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, देश स्वतंत्र झाला त्या साली, तिला पहिल्यांदा दिवस राहिले. दसऱ्याला सहावा महिना होता. त्या दिवशी आनंदरावानं एक कोरी वही घेतली, नव्या दौतीतली जांभळी शाई घेतली आणि ओसरीवर बसून देवीचं एक स्तोत्र सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. शेवटी तारीख घातली, 'विजयादशमी, १९४७'. वही तिच्या हातात देऊन म्हणाला, "हे रोज म्हणत जाय. पोटातल्या जिवाचं रक्षण होते." धुरपतेला इतकं भरून आलं की तिनं वहीला आधी हळदकुंकू वाहिलं आणि मग ती उघडली. कोणत्या बाईचा नवरा तिच्यासाठी एवढं लिहीत बसतो, सांगा!

ती जांभळ्या शाईची दौत त्याच दिवाळीत ओसरीवरच्या फडताळातून पडून फुटली. फरशीवरचा डाग कितीही घासला तरी गेला नाही. आनंदरावानं पुन्हा शाई आणली नाही, दुकानाची सगळी टिपणं तो शिसपेन्सिलीनंच करू लागला.

पौषात बाळ झालं. मुलगी. ती रडली नाही.

त्यानंतर धुरपतेची कूस उजवली नाही. सासू देवकाबाई, तिला धुरपता मामी म्हणे, ती बोलायची पण टोचून नव्हे. आनंदराव तर काहीच बोलायचा नाही. एवढंच म्हणायचा, "पाठ सोडू नको. फळ येते." धुरपतेनं सोडला नाही. सात वर्षं! रोज आंघोळ झाली की तळहातावर पाणी घ्यायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं, 'यांच्या कल्याणाकरता' म्हणून पाणी सोडायचं आणि पाठाला बसायचं. संकल्प नवऱ्याच्या नावानंच करायचा, ही रीत त्यानंच घालून दिलेली. बाईमाणसानं आपल्या नावानं काय मागायचं! त्याचं भलं तेच तिचं भलं.

त्या स्तोत्रात एक ओळ होती. तिच्यापुढे कंसात लिहिलेलं होतं, 'तीनदा म्हणावी'. चाल मोठी गोड, जात्यावरच्या गाण्यासारखी झोका घेणारी. दर शुक्रवारी आणि नवरात्रात तर रोजच गल्लीतल्या बाया धुरपतेच्या ओसरीवर येऊन बसत. त्यांना स्तोत्रातलं बाकी काही येत नसे, पण ही तीनदा म्हणायची ओळ ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झाली होती. धुरपतेला खोकला आला, श्वास लागला, तर बाया ओळ खाली पडू देत नसत, उचलून धरत. देवीचा पाठ मध्येच तुटला तर अपशकुन ना! देवकाबाई तर भाजी निवडतानाही ती ओळ गुणगुणायची.

चोपन्न सालच्या नवमीला आनंदरावानं घरी समाजाच्या पंच मंडळींना बोलावलं. बंडूजी त्या पंचांतले थोरले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्या दिवशी बायांना बोलावलं नव्हतं, पाच जण आतल्या खोलीत पाटांवर बसले. आनंदराव म्हणाला, "आज जरा मोठ्यानं म्हण, मंडळी ऐकाले आली हायेत." धुरपता लाजली, पण म्हणाली. इतकं सुंदर म्हणाली की तिला स्वतःलाच नवल वाटलं. तीनदा म्हणायची ओळ आली तेव्हा पंचांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. पाठ संपल्यावर बंडूजी उठले, तिच्या ओटीत नारळ घातला, वर हिरवं लुगडं ठेवलं आणि म्हणाले, "बाई, मोठ्या मनाची हायेस."

धुरपतेला वाटलं, आपल्या पाठाचं कौतुक झालं. रात्रभर त्या लुगड्याच्या घडीवर हात ठेवून झोपली वेडी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासू म्हणाली, "धुरपता, मागची खोली झाडून घेजो. त्यातले पोते दुकानात हालवाचे हायेत."

"काऊन मामी? कोणी पावना येऊन राह्यला का?"

"पावना कायचा! तू मागतली ते येऊन राह्यली ना. सुलोचना म्हणून पोरगी हाये, हिंगणघाटाकडची. तुळशीचं लगन झालं का बार उडवाचा हाये."

धुरपतेच्या हातातला झाडू हातातच राहिला. "मी मागतली? कवा? कोणाले?"

"आता असं नोको करू वो," देवकाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "आपल्यात नेम हाये. पयली नांदती असन त तिनं देवीपुढं, पंचाच्या कानावर पडन असं, आपल्या तोंडानं मागाव, तवाच दुसरी आणता येते. तू नवमीले मागतली. पंचाइनं तुले लुगडं नेसवलं. आनंदरावनं सांगतलं मले, का त्या ओळीचा अर्थ असाच हाये म्हणून. मले त आयकून रडू आलं. म्हटलं, लक्षुमी हाये माही सून."

माय वो! धुरपतेनं झाडू टाकून दिला.  नेम तिला माहीत होता. जुन्या काळी पुरुष वाटेल तेव्हा दुसरी उचलून आणत, म्हणून कोण्या शहाण्यानं पहिलीच्या बाजूनं घातलेला नेम होता तो. पण आपण मागितलं? आपल्या तोंडानं? नवऱ्याला विचारावं तर तो पहाटेच वर्ध्याला माल आणायला गेला होता आणि रविवारपर्यंत येणार नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दुसरा दिवस शनिवार. दर शनिवारी समुद्रपूरच्या शाळेतल्या प्रमिलाबाई आईला भेटायला नागपूरला जात आणि मोटार येईपर्यंत धुरपतेच्या ओसरीवर चहा घेत. वडिलांनी हौसेनं संस्कृत शिकवलेली विधवा बाई, चष्म्यातून बघणारी, नाकासमोर चालणारी. धुरपतेनं त्या दिवशी चहा ठेवलाच नाही. वही आणली, ती ओळ काढली आणि बोट ठेवलं. "बाई, याचा अर्थ सांगा. मले बरं वाटाव म्हणून सांगू नोका. हाये तसाच सांगा."

प्रमिलाबाईंनी वाचलं. "यात काय, साधं आहे. देहि म्हणजे दे. देवीला म्हटलंय, मनाला रमवणारी, मनासारखी वागणारी पत्नी दे."

"पत्नी?"

"पत्नी. बायको. हा बघा ना शब्द, डोक्यावर नुसतं टिंब आहे."

धुरपतेनं बघितलं. पत्नी. हा शब्द तिला येत होता! लग्नाच्या पत्रिकांत शंभरदा वाचला होता. सात वर्षं रोज डोळ्यांसमोर होता आणि संस्कृत म्हणजे दुसरंच काहीतरी, आपल्याला न कळायचं, असं धरून चालल्यामुळे तिनं तो कधी वाचलाच नव्हता.  आपण आंधळी आहोत काय? आंधळी दळते आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ती आंधळी आपणच!

प्रमिलाबाईंना अजून काही ठाऊक नव्हतं. त्या समजावत होत्या, "घाबरू नका हो. जुनं स्तोत्र आहे, पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेलं. रूप दे, यश दे, वैरी मार, तशीच बायको दे. कितीतरी बायका हेच म्हणतात. 'मला' असा शब्दच नाही यात. दे म्हटलंय, कोणाला ते नाही. ते संकल्पावरून ठरतं. पाणी कोणाच्या नावानं सोडता?"

"त्याइच्या," धुरपता म्हणाली.

 मग धुरपतेनं त्यांना सगळं सांगितलं, नवमी, पंच, लुगडं, मागची खोली. ऐकता ऐकता प्रमिलाबाईंनी चष्मा काढला आणि तो पुसायचंही विसरल्या. "म्हणजे त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना अर्थ ठाऊक होता?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सोडून?"

हेच तर होतं. सवत येते यापेक्षाही हे बोचत होतं. सगळे जाणून बसले होते आणि ही एकटी गोड गळ्यानं आपलाच गळा कापून घेत होती.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. प्रमिलाबाई उठता उठता थांबल्या. "आणि हे 'तीनदा म्हणावी' मुळात नाही. हे कोणीतरी घातलंय."

धुरपतेनं त्याही वेळी मनात नवऱ्याची बाजू घेतली, बघा! पोरगी गेली, पाळणा पुन्हा हलला नाही, वाट पाहून पाहून जीव थकला असेल, मग कधीतरी मागून लिहिलं असेल बिचाऱ्यानं. तीनदा म्हणायला आपण कधीपासून लागलो हे तिला काही केल्या आठवेना. एवढा एक धागा तिनं घट्ट धरून ठेवला.

मोटार निघून गेल्यावर ती तशीच बंडूजींच्या घरी गेली. ते अंगणात दोर वळत होते. "बंडूजी, मी मागतलं नाई. मले अर्थच ठाऊक नोयता. माहा नकार हाये."

म्हाताऱ्याच्या हातातला दोर थांबला. "ठाऊक नोयता? आनंदराव त म्हणे, तुहीच इच्छा हाये, तोंडानं मराठीत सांगाले लाजते म्हणून देवीच्या भाषेत मागते."

"देवीच्या भाषेतलं माह्या मायलेबी कळत नोयतं, बंडूजी."

बंडूजींनी दोर बाजूला ठेवला. माणूस दुष्ट नव्हता, नेमाला चिकटणारा होता. "पाय बाई," ते शेवटी म्हणाले, "देवीपुढं जे बोललं ते देवीपुढंच फिरवा लागते. कोजागरीले दुपारी देवळात पंच बसतीन. तू पुरा पाठ म्हण आन् त्या ओळीशी येऊन थांब. ते ओळ म्हणली नाई त तुहा नकार समजू, लगन मोडू. म्हणली त मंग आमचा इलाज नाई."

सोपं वाटतं ना? थांबायचं तर होतं! धुरपतेनं घरी येऊन म्हणून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओळ आली कधी आणि गेली कधी, कळलंच नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मधूनच सुरू करावं तर आठवेना, पहिल्यापासूनच म्हणावं लागे, आणि पहिल्यापासून म्हटलं की जीभ उताराला लागलेल्या बैलगाडीसारखी थेट त्या ओळीतून पलीकडे जाई, एकदा नव्हे तीनदा. सात वर्षांची सवय! रविवारी दिवसभर भाकरी थापताना, भांडी घासताना तिनं प्रयत्न केला. आपलीच जीभ आपलं ऐकत नाही हे पाहून तिला रडू कोसळलं. शेवटी एकच उपाय सापडला. ओळ जवळ आली की पदराचा बोळा तोंडात कोंबायचा. तेव्हा कुठं जीभ थांबे.

आनंदराव रविवारी संध्याकाळी आला. बंडूजींचा निरोप त्याला वाटेतच मिळाला होता. तो तिच्याशी बोलला नाही, तिनंही विचारलं नाही. कोजागरीच्या सकाळी मात्र धोतर नेसता नेसता म्हणाला, "तुले थांबता येनार नाई. माहीत हाये मले." असं गोड हसला की धुरपतेच्या अंगावर काटा आला.

दुपारी देऊळ भरलं. पंच एका बाजूला, आनंदराव खांबाला टेकून, आणि बाया नेहमीच्या सवयीनं धुरपतेच्या मागं दाटीवाटीनं बसल्या. नकाराचं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. कोजागरीचा पाठ आहे, देवळात आहे, एवढंच त्यांना माहीत. बंडूजींची बायको मंदाबाई पुढंच होती, देवकाबाई तिच्या शेजारी.

धुरपतेनं डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज आधी कापत होता, मग सवयीनं स्थिरावला. तोच घात होता. एकेक श्लोक मागं पडत गेला, चाल झोका घेऊ लागली आणि ती ओळ समोर आली. जिभेनं उचल खाल्लीच. पहिलं अक्षर ओठांवर आलं तसा तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दात आवळले.

देवळात शांतता पसरली. एक श्वास. दोन. आनंदराव खांबापासून ताठ झाला. बंडूजींनी मान वर केली. थांबलो आपण! धुरपतेच्या छातीत आनंद मावेना.

आणि मागून मंदाबाईनं ओळ उचलली.

बिचारीला वाटलं, धुरपतेला ठसका लागला. देवीचा पाठ तुटू कसा द्यायचा? तिनं सूर लावताच अर्थ ठाऊक असूनही सवयीनं देवकाबाईनं लावला, तिच्यामागं आणखी दहा जणींनी, मग तीस बायांनी. घुमटात आवाज घुमला. एकदा म्हटली. दुसऱ्यांदा म्हटली. नेमानं तिसऱ्यांदाही म्हटली आणि सगळ्या जणी थांबल्या, आता पुढचं धुरपता म्हणेल म्हणून.

धुरपतेनं बोळा काढून मागं वळून पाहिलं. तिचे डोळे विस्फारले होते. गेलं, सगळं गेलं, असं तिला एक क्षण वाटलं. मग तिची नजर बंडूजींकडे गेली. म्हातारा आपल्या बायकोकडे बघत होता, आणि त्याचं तोंड असं उघडं पडलं होतं की पांढऱ्या मिशा लटकून राहिल्या होत्या. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बंडूजी," ती म्हणाली, "मी नाई म्हणली. पण मंदाबाईनं मागतलं. देवीपुढं, सोताच्या तोंडानं, पंचाच्या कानावर पडलं. तीनदा!"

"काय मागतलं वो मी?" मंदाबाई दचकून म्हणाली.

"सवत मागतली तुमी, मंदाबाई. त्या ओळीचा अर्थ तसाच हाये. मनासारखी वागणारी बायको दे. तुमी मागतली, मामीनं मागतली, इथं बसली तेवढ्या समद्याइनं मागतली. आता आणा घरोघरी एक एक. लुगडे किती लागतीन तेवढे मोजा, बंडूजी!"

देवळात जो गलका उडाला तो काय सांगावा! कोणी कानावर हात ठेवले, कोणी तोंडात बोटं घातली, एकीनं तर देवीपुढं नाक घासायला सुरुवात केली, 'चुकली माय, घेतलं वापस, घेतलं वापस'. देवकाबाई, चौदा वर्षांपासून विधवा, तिला तर हसावं की रडावं कळेना. "बापा! म्या बुढीनं कोणासाठी मागतली असन!"  मंदाबाई मात्र उठली, पंचांसमोर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं. मी दर शुक्रवारी तिथं जाऊन तोंड वासून हे म्हणत होती अन् तुमाले ठाऊक होतं."

"नवमीलेच समजलं," बंडूजी पुटपुटले.

"मंग नवमीपासून आजवर सांगतलं काऊन नाई?"

 पाचही पंचांच्या बायका समोर उभ्या होत्या. बंडूजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, घाम पुसला आणि मग उभं राहून जे म्हणाले ते त्या भागात पुढं कित्येक वर्षं लोक सांगत राहिले. "बोलणारीले जे समजत नाई, ते मागणी नाई. लगन मोडलं. आनंदराव, पोरीवाल्याइकडे तूच जाऊन सांग."

आनंदराव सगळ्यांच्या आधी देवळातून निघून गेला. पुढच्या साली सरकारनंच दुसऱ्या बायकोच्या बंदीचा कायदा केला आणि पंचांचा तो नेम गेला, ती गोष्ट वेगळी.

दिवेलागणीला धुरपता घरी आली. बायांनी तिला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं, मंदाबाई तर गळ्यात पडून रडली होती. जिंकल्याचा आनंद अंगात होता आणि त्या भरात तिनं ठरवलं होतं, झालं गेलं गंगेला मिळालं. पोरासाठी तळमळला असेल. चुकला असेल. माणूसच आहे.

तिनं देवीपुढं दिवा लावला आणि वही कायमची बांधून ठेवावी म्हणून हातात घेतली. सहज ते पान उघडलं. दिव्याच्या उजेडात ती ओळ दिसली. जांभळी. तिच्यापुढचा कंस दिसला.

तोही जांभळाच होता.

तिनं वही दिव्याला इतकी जवळ नेली की पानाची कड पिवळी पडली. एकच शाई. एकच टाक. तिची नजर दारातून ओसरीच्या फरशीवरच्या डागावर गेली. ती दौत त्याच दिवाळीत फुटली होती. त्यानंतर या घरात जांभळं अक्षर उमटलंच नव्हतं. म्हणजे 'तीनदा म्हणावी' हे त्याच दसऱ्याला लिहिलेलं. तिच्या पोटात सहा महिन्यांचा जीव होता तेव्हा. पोरगी गेली म्हणून नाही, कूस उजवली नाही म्हणून नाही. पोरगी पोटात लाथा मारत होती आणि हा समोर बसून, सुवाच्य अक्षरात, तिच्याचकडून दुसरी मागून घेत होता. आणि तिनं त्या वहीला हळदकुंकू वाहिलं होतं!

  सवतीची बातमी ऐकूनही ती इतकी हबकली नव्हती. ती पोरगी रोज ते ऐकत होती. पोटात. आईच्या आवाजात.

आनंदराव ओसरीवर बसला होता. ती वही घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे तीनदा कवा लिवलं?"

आनंदरावानं मान फिरवली.

"पोरगी पोटात होती माह्या. काय कमी होतं तवा? काय मनासारखं नोयतं?"

आनंदराव खाली बघत राहिला.  धुरपता ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं तांब्यातलं पाणी आणलं, त्याचा उजवा हात धरला आणि तळहातावर पाणी घातलं.

"घ्या. तुमच्या नावानं सोडा. अन् म्हणा. सात साल मी म्हणलं, आज तुमच्या तोंडानं म्हणा. आत देवी हाये, दिवा लावला हाये. म्हणा ना! तीनदा नाई म्हणत मी. एकदा म्हणा."

आनंदरावानं तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलेलं तिला दिसलं. पण शब्द निघाला नाही. तळहातावरचं पाणी बोटांच्या फटींतून गळत राहिलं, जुन्या जांभळ्या डागाजवळ ओल पसरली, आणि तरी तो तसाच बसून होता, हात पुढे करून.

धुरपतेनं पाणी पुरतं गळेपर्यंत वाट पाहिली. मग वही त्याच्या ओल्या हातात ठेवली आणि भाकरी टाकायला आत गेली.